डाव्या पायाचं काम

कराड, रविवार

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

"मामा, ऑटोमॅटिक घेऊ की मॅन्युअल? एका ओळीत सांग," असं तू विचारलंस. एका ओळीत उत्तर हवं तर: ऑटोमॅटिक घे. पण काल दाजींचा फोन येऊन गेला, आणि त्यांचं एका ओळीत समाधान व्हायचं नाही. शिवाय सहा-सात लाखांचा मामला आहे. मामा म्हणाला म्हणून घेतली, असं व्हायला नको. म्हणून सविस्तर लिहितो. तुझं वाचून झालं की हे पत्र त्यांच्याही हातात दे.

आधी तुझा रस्ता बघू. वारजे ते हिंजवडी. अंतर काही फार नाही, पण मध्ये चांदणी चौक, बालेवाडी, वाकडचा पूल आणि मग हिंजवडीत शिरणारी ती रांग. या वाटेवर सकाळी नऊला किंवा संध्याकाळी सहाला तुझी गाडी चौथ्या गिअरवर राहते तरी किती वेळ? पहिला, दुसरा, न्यूट्रल, पुन्हा पहिला. तुझं रोजचं ड्रायव्हिंग म्हणजे खरं तर डाव्या पायाचं काम आहे.

हे काम लागतंच का, तेही सांगतो. पेट्रोल इंजिन नुसतं चालू राहायलाच मिनिटाला सात-आठशे फेरे घेतं, आणि अंगात जोर यायला त्याहून बरेच जास्त. तुझ्या यादीतल्या वॅगन आरचं एक लिटरचं इंजिन सगळ्यात जास्त टॉर्क, म्हणजे ८९ न्यूटन मीटर, देतं ते ३५०० फेऱ्यांना. चाकं मात्र शून्यापासून सुरू होणार. हा मेळ घालायला गिअर आहेत, आणि मेळ बसेपर्यंत घासून घ्यायला क्लच प्लेट. थांबलेली गाडी हलवताना दर वेळी ती थोडी झिजते. हाफ क्लचवर गाडी सरकवत नेणाऱ्यांची तर भराभर झिजते. एसटीच्या कार्यशाळेत गिअरबॉक्स उतरवला की ड्रायव्हरचा पाय कसा आहे, ते आम्हाला न विचारता कळायचं. फेसिंग रिव्हेटपर्यंत उतरलेलं, प्रेशर प्लेटवर उष्णतेचे निळे डाग, आणि तो जळका वास दुपारपर्यंत हातांना.

आता ऑटोमॅटिक. शोरूममध्ये या एकाच नावाखाली चार वेगवेगळी यंत्रं विकतात, आणि विकणारा पोरगा ते सांगेलच असं नाही.

टॉर्क कन्व्हर्टर सगळ्यात जुना. यात गाडी हलवताना प्लेट घासत नाही, मधलं तेल काम करतं. इंजिनाकडचा पंखा तेलाला फिरवतो, तेल समोरच्या पंख्याला. एकदम मऊ. आय टेनमध्ये चार गिअरचा मिळायचा. छोट्या गाड्यांत आता दुर्मिळ झालाय. दुसरा सीव्हीटी. त्यात ठरावीक गिअरच नसतात. पिठाच्या गिरणीतल्यासारखा पट्टा दोन पुल्यांवर फिरतो, फक्त पट्टा धातूचा आणि पुल्यांचा व्यास चालता चालता कमी-जास्त होणारा. गर्दीत याच्यासारखं सुख नाही; पण जोरात दाबलं की आधी आवाज वाढतो आणि वेग मागून येतो. होंडा अमेझमध्ये हा आहे. तिसरा दोन क्लचवाला, डीसीटी. एका क्लचकडे एक-तीन-पाच, दुसऱ्याकडे दोन-चार-सहा, त्यामुळे एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार असतो. आय ट्वेंटीच्या टर्बोत आणि अल्ट्रोझमध्ये मिळतो. चालवायला झकास, पण तुझ्या बजेटच्या बाहेर.

उरला एएमटी. तुझ्यापुढचा खरा प्रश्न याचाच आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओत हा पहिल्यांदा आणला, यंत्रणा मॅग्नेटी मारेली या इटालियन कंपनीची. तोवर छोट्या गाडीत ऑटोमॅटिक म्हणजे किंमतही जास्त आणि मायलेजलाही मार. एएमटीने ते गणित बदललं, कारण त्यात नवीन गिअरबॉक्स नाहीच. मॅन्युअलचाच गिअरबॉक्स, मॅन्युअलचीच क्लच प्लेट. क्लचचं पेडल काढून टाकलं आणि तुझ्या डाव्या पायाची आणि डाव्या हाताची जागा एका छोट्या पंपाने आणि पिस्टनांनी घेतली, एवढंच. मारुती त्याला एजीएस म्हणते. बलेनोत आधी सीव्हीटी होता. २०२२ ला तो काढून हाच बसवला.

दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना आत काय होतं ते लक्षात घे. कॉम्प्युटर इंजिनाचा जोर उतरवतो, क्लच दाबतो, दुसरा काढतो, तिसरा घालतो, क्लच सोडतो, जोर परत देतो. तू करतेस तेच, त्याच क्रमाने. मधल्या क्षणाला चाकांकडे काहीच जोर जात नाही. मॅन्युअलमध्येही जात नाही, पण तिथे गिअर तूच टाकणार असतेस, म्हणून अंग आधीच सावरलेलं असतं. इथे ते बेसावध असतं आणि मान पुढे जाते. एएमटी झटके देते अशी जी तक्रार तू ऐकली आहेस, ती ही. उपाय सोपा आहे: गिअर बदलणार असं वाटलं की ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित हलका करायचा. थोड्या दिवसांत ती वेळ कानाला कळायला लागते.

खरी अडचण दुसरीच आहे. या यंत्राला कळतं काय? गाडीचा वेग, इंजिनाचे फेरे आणि तुझा पाय किती दाबलेला आहे ते. पुढचा रस्ता त्याला दिसत नाही. वाकडच्या पुलावर त्याची गरजही नसते. पुढे दिसणार काय, तर समोरच्या गाडीचं बंपर. तिथे यंत्र तुझ्यापेक्षा चांगलं काम करतं, कारण ते कंटाळत नाही. पण कराडला येताना खंबाटकी लागतो, आणि आजीकडे चिपळूणला जाताना कुंभार्ली. हंगामात पुढे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, वळणापलीकडे थोडा मोकळा रस्ता. मॅन्युअलवाला वळण संपायच्या आतच खालचा गिअर घालून तयार असतो. एएमटी मात्र तू पाय दाबल्यावर जागी होते, खालचा गिअर शोधते, मग ओढते. तेवढ्यात समोरून कुणी आलं की झालं.

उताराला याच्या उलट. वेग वाढतोय असं बघून ती वरचा गिअर घालायला बघते, आणि गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. घाटाचा जुना नियम तुला माहीत आहे: ज्या गिअरने चढायचं, त्याच गिअरने उतरायचं. म्हणून घाट लागला की लिव्हर डीवरून एमवर घ्यायचा. एमवर गिअर तू सांगशील तो. फेरे फारच कमी-जास्त झाले तर ती मध्ये पडते, एरवी तुझं ऐकते. एएमटी घेऊन एमला कधी हात न लावणारे खूप आहेत, आणि घाटात गाडी ओढत नाही म्हणून ओरडणारे बहुधा तेच असतात.

आणखी एक. चढावर रांगेत उभी असताना ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी तोलून धरायची नाही. क्लचचं पेडल गेलंय, क्लच नाही. तू पाय दाबून थांबलीस की आत ते यंत्र हाफ क्लच करून बसतं, आणि ते निळे डाग तुझ्याही गाडीत उमटतील. ब्रेक दाब, नाहीतर हँडब्रेक ओढ. हिल होल्ड असलेलंच मॉडेल घे. ब्रेकवरून पाय उचलल्यावर गाडी दोन क्षण मागे सरकत नाही. आणि बहुतेक एएमटीत पी नसतो, म्हणून पार्क करताना गिअरमध्ये ठेवूनच इंजिन बंद करायचं आणि हँडब्रेक लावायचा.

पैशाचं बोलू. एकाच मॉडेलच्या मॅन्युअल आणि एएमटीत साधारण ५० हजारांचा फरक पडतो. मायलेज जाईल ही दाजींची भीती जुन्या ऑटोमॅटिकची आहे. २०२२ च्या एक लिटर वॅगन आरला कंपनीने जाहीर केलेला आकडा मॅन्युअलला लिटरला २४.३५ किलोमीटर, एजीएसला २५.१९. रस्त्यावर दोन्ही आकडे खाली येतात, पण एएमटी म्हणून पेट्रोल जास्त जाळते असं काही नाही. दुरुस्तीत मात्र मॅन्युअल सरस. तिची क्लच प्लेट आमच्या तालुक्याचा कुठलाही मिस्त्री बदलून देईल. एएमटीची बदलली की कॉम्प्युटरला नव्या प्लेटची ओळख करून द्यावी लागते, त्याचं मशीन सगळ्या गॅरेजांत नसतं. पुण्यात राहतेस म्हणून तुला ते अडणार नाही. आडगावात राहणाऱ्याला मी मॅन्युअलच सांगितली असती. रोज शंभर किलोमीटर पळणाऱ्यालाही मॅन्युअल सीएनजी सांगितली असती. टियागोत २०२४ पासून सीएनजी आणि एएमटी एकत्र मिळतात, पण तुझं रनिंग तेवढं नाही.

आता दाजींचा मुख्य आक्षेप. गिअर टाकता येत नाही तो ड्रायव्हर कसला! दाजी, हे तुमच्यासाठी. एसटीच्या जुन्या गाड्यांना डबल क्लच लागायचा. क्लच दाबून न्यूट्रल, सोडून फेरे जुळवायचे, परत दाबून गिअर. चुकलं की अख्ख्या स्टँडला करकर ऐकू जायची. ज्यांना ते जमायचं त्यांना त्याचा फार अभिमान होता. मग सिंक्रोमेशचे गिअरबॉक्स आले, तेव्हा आता कुणीही उठून गाडी चालवेल, असं तीच मंडळी नाकं मुरडत म्हणाली. तुमच्या मॅन्युअल गाडीत सिंक्रोमेशच आहे, दाजी. तुम्ही आयुष्यात डबल क्लच मारलेला नाही, आणि तरी आम्ही तुम्हाला ड्रायव्हर मानतो.

तरीही त्यांच्या बोलण्यातलं एक खरं आहे, मनू. हात जाऊ देऊ नकोस. आपल्याकडे लायसन्स दोन्हीला एकच चालतं. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर फक्त ऑटोमॅटिकच चालवता येते, तसं इथे नाही. म्हणजे कायदा तुला विचारणार नाही, पण रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं आणि दारात मॅन्युअल उभी असली, तर ती चालवता आली पाहिजे. दाजींची जुनी गाडी अधूनमधून काढत जा. त्यांनाही बरं वाटेल.

इतकं सगळं लिहिलं, पण मला एका ओळीत उत्तर देता आलं ते वेगळ्याच कारणामुळे. तू आणि दाजी, दोघंही गाडी तू एकटीच चालवणार असं धरून हिशेब करताय. ताईकडे लायसन्स आहे, हे तुमच्या दोघांच्याही लक्षात नाही. रीतसर क्लास लावून, आरटीओत परीक्षा देऊन काढलेलं. रिकाम्या रस्त्यावर ती चांगली चालवायची. मग कात्रजच्या चढावर गाडी बंद पडली, मागच्यांनी हॉर्न वाजवून वाजवून तिला घाबरवलं, आणि शेजारी बसलेल्या माणसाने "सरक, मी घेतो" म्हणत स्टिअरिंग काढून घेतलं. त्यानंतर तिने गाडीला हात लावला नाही. तिला रस्ता कळत होता, अंदाज होता, ब्रेक वेळेवर लागत होता. अडलं होतं ते चढावर क्लच सोडण्यापाशी. आता तर तिचा डावा गुडघाही बोलतो. घरात मॅन्युअल आली तर ती कायमची शेजारच्या सीटवर. एएमटी आली तर मंडईला, बँकेत, माझ्या वहिनीकडे ती आपली आपण जाईल, तुमच्या दोघांच्या सवडीची वाट न बघता. पन्नास हजारांत घरात एक ड्रायव्हर वाढतोय. मायलेजच्या कुठल्याही हिशेबापेक्षा मला हा मोठा वाटतो.

टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी घेऊ नकोस. रिकाम्या रस्त्यावर सगळ्याच गाड्या गुणी. कामाच्या दिवशी संध्याकाळी जा. बेसमेंटच्या रॅम्पवर मध्येच थांबव, ब्रेक सोड, मागे किती येते बघ. तिथेच रिव्हर्सही घेऊन बघ. मोकळी जागा मिळाली की ३० च्या वेगाला पाय पूर्ण दाब आणि ओढायला किती वेळ लावते ते अनुभव. तेवढा वेळ ओव्हरटेकच्या हिशेबात कायमचा धरून चालायचा. आणि ताईला बरोबर ने. निम्मा वेळ तिला चालवू दे. दाजींना मागे बसव, आणि बोलायचं नाही असं आधीच कबूल करून घे.

ताईला आणि दाजींना नमस्कार.

तुझा,
मामा

ता. क. : एएमटी ढकलून चालू होत नाही. बॅटरी उतरली की दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडूनच स्टार्ट करावी लागते. जंपर केबल डिकीत ठेव आणि ती कशी लावायची ते आधीच शिकून घे: प्लसला प्लस, आणि काळीचं दुसरं टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीला नाही.