आपेला तीन चाकं आहेत

सबमिशनच्या धामधुमीत मी इटालियन शिकतोय म्हटल्यावर मेसमध्ये सगळे हसले. कारण साधं आहे. मिलान आणि तुरिनच्या पॉलिटेक्निकमध्ये (तिकडे पॉलिटेक्निक म्हणजे डिप्लोमा नव्हे बरं का!) मास्टर्सचे बरेच कोर्स इंग्रजीत चालतात. पण भाजी इंग्रजीत मिळेल याची खात्री कोण देणार?

तशी ही भाषा आपल्याला अगदीच परकी नाही. रत्नागिरीच्या रस्त्यांवरून धावणारी आपे बनते बारामतीत, पण नाव इटालियन. आपे म्हणजे मधमाशी. त्याच कंपनीची १९४६ सालची स्कूटर व्हेस्पा, म्हणजे गांधीलमाशी. दोन वर्षांनी मधमाशी आली. म्हणून माझं पहिलं वाक्य तेच : 'लापे आ त्रे रुओते.' आपेला तीन चाकं आहेत.

यातला 'आ' म्हणजे इंग्रजीतल्या 'हॅव'चा भाऊ. असं क्रियापद मराठीत नाहीच! आपण काय करतो? चाकं आपे'ला' असतात, बहिणी 'मला' असतात, पैसे 'माझ्याकडे' असतात (महिनाअखेरीस नसतात). 'माझ्याकडे दोन बहिणी आहेत' म्हटलं तर त्या सुट्टीत राहायला आल्यात असं वाटेल. इटालियन माणूस सगळ्याला एकच 'ओ' लावतो. 'ओ दुए सोरेल्ले', मला दोन बहिणी आहेत. भूकसुद्धा त्याच्याजवळ असते, 'ओ फामे'. आणि वयही! 'ओ व्हेन्तान्नी', शब्दशः माझ्याकडे वीस वर्षं आहेत.

'माझा भाऊ, माझी बहीण' मात्र आपल्यासारखंच : मिओ फ्रातेल्लो, मिआ सोरेल्ला. गंमत म्हणजे गाडी 'माझी' म्हणताना आधी आर्टिकल लागतं, 'ला मिआ माक्किना'. भावाला, बहिणीला लागत नाही. नात्यातली माणसं आणि बाकी सगळं यांत फरक त्यांनाही करावासा वाटतो तर. मोजमापात मध्ये 'दी' घालायचा, 'उन कीलो दी रीसो', एक किलो तांदूळ. आपण दोन शब्द नुसते शेजारी ठेवतो, नाहीतर 'भर' लावतो, वाटीभर, मूठभर, डझनभर.

सुट्टीत घरी सरावासाठी वाक्यं लिहीत होतो. 'अब्बिआमो', म्हणजे आमच्याकडे आहेत, इथपर्यंत लिहून बाबांना विचारलं, "बाबा, आपली कलमं किती?"

"चाळीस. आपली आहेत, पण आपल्याकडे नाहीत."

बाग तीन वर्षांच्या कराराने दिली आहे. माझ्या फीसाठी एकरकमी पैसे हवे होते. फवारणी, राखण, तोडणी सगळं करार घेणाऱ्याचं, घरी खायला दोन पेट्या येतात. मला हे तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

बाबांचं वाक्य इटालियनमध्ये एका क्रियापदात मावत नाही. 'सोनो नोस्त्री, मा नोन ली अब्बिआमो.' दोन वेगळी क्रियापदं. मराठीत दोन्हीकडे 'असणं'च, सगळा फरक 'आपली' आणि 'आपल्याकडे' यांत. मी ते वहीत लिहिलं आणि बाबांना वाचून दाखवलं नाही.

व्हिसासाठी खात्यात पैसे दाखवावे लागतात. आई म्हणते, करार अजून दोन वर्षं वाढवू. बाबा काही बोलत नाहीत. आजी मात्र रोज सकाळी बागेत जाते आणि कुठल्या कलमाचा आंबा आधी तयार होतो ते करारवाल्याच्या गड्यांना दाखवून येते.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल