मागच्या दारानं बघा

मंडळाच्या पोरांनी विचारलं म्हणून लिहिते. वस्तीतल्या आत्याला नर्सिंग होममध्ये ठेवायचं ठरलंय. सगळी वस्ती तिला आत्याच म्हणते. तीस वर्षं तिनं महानगरपालिकेत झाडू मारला, पहाटे पाचला हजेरीकोठीवर उभी राहिली. आता डावं अंग गेलंय. बोलणं जड झालंय, पण डोकं शाबूत आहे. घर म्हणजे दहा बाय बाराची खोली. त्यात मुलगा, सून, दोन नाती. सून चार घरची धुणीभांडी करते. ती घरी बसून सासूची कूस बदलत राहिली तर गॅस कशावर पेटायचा? तरी "म्हातारीला टाकायला निघाले" म्हणणारे आहेतच. त्यांनी रात्री दोनला उठून आत्याला एकदा कुशीवर करावं आणि मग खुशाल बोलावं.

पोरांनी चार ठिकाणं हुडकली. यादी केली : बाग आहे का, लिफ्ट आहे का, कॅमेरे किती, डॉक्टर कधी येतो, महिन्याचे किती. यादी वाईट नाही. पण ती पुढच्या दारानं आत जाऊन केलेली आहे. मी असल्याच एका ठिकाणी चौदा वर्षं आया म्हणून राबते. आम्हाला पुढच्या दारानं ये-जा करायची मनाई आहे. त्यामुळे मागचं दार मला तोंडपाठ.

नर्सिंग होम म्हटलं की आपल्याकडं पूर्वी बाळंतपणाचं, अपेंडिक्सचं छोटं खाजगी हॉस्पिटल समजायचे. आता लकवा झालेली, खुब्याचं हाड मोडलेली, सगळं विसरून गेलेली माणसं महिन्याच्या हिशेबानं ठेवून घेतात, त्या जागेलाही लोक तेच म्हणतात. बोर्डावर केअर सेंटर असतं. नोंदणीचा कायदा १९४९ चा, मुंबई प्रांताच्या काळातला. २०२१ साली त्याचे नियम सुधारले, रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायला सांगितलं. तेव्हा नोंदणीचा कागद मागा. सनद भिंतीवर आहे का कपाटात, बघा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात कलम १९ आहे : निराधार म्हाताऱ्यांसाठी दर जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम, निदान दीडशे जणांचा. वाचून पोरं खूश झाली. पण तिथं सरकार "करील" असं नाही, "करू शकेल" असं आहे. आपल्या लोकांनी कायदा वाचताना क्रियापद आधी वाचावं.

आणि तपासणी? साहेब येणार हे आम्हाला आदल्या दिवशी कळतं. नव्या चादरी निघतात. हातमोज्यांचा खोका फुटतो. साहेब खाटा मोजतो, रजिस्टर बघतो, चहा पितो. चादर वर करून कुणाची टाच बघितलेला साहेब मी चौदा वर्षांत पाहिला नाही.

टाच बघा. सगळ्यात आधी टाच, मग माकडहाड, मग खुबा. एकाच अंगावर पडून राहिलं की तिथलं रक्त अडतं आणि कातडी मरायला लागते. नर्सिंगच्या पुस्तकात लिहिलंय, लाल डाग दिसला, बोटानं दाबला आणि पांढरा पडला नाही, तर बेडसोरची सुरुवात समजा. आता आपल्या आत्याची कातडी बघा. तीस वर्षं उन्हात भाजलेली, मुळातली काळी. तिच्यावर लाल दिसणार कुठून? काळ्या कातडीवर डाग नुसता जास्त काळा दिसतो, नाहीतर दिसतच नाही. हाताच्या पाठीनं चाचपावं लागतं, भोवतीच्या कातडीपेक्षा गरम लागतं का, कडक का गिळगिळीत लागतं. म्हणजे तिला हात लावावा लागतो. जिथं हात लावायलाच लोक कचरतात तिथं आत्याची जखम हाडापर्यंत गेल्यावर कळणार.

पाण्याचा पेला कुठल्या बाजूला आहे ते बघा. आत्याचा डावा हात गेलाय आणि पेला डावीकडं, तर तो पेला भेटायला येणाऱ्यांना दाखवायचा. संध्याकाळनंतर पाणी देतच नाहीत अशाही जागा आहेत, रात्री चादर ओली नको म्हणून. जीभ बघा, कोरडी असते. लघवीची पिशवी कमरेच्या खाली लटकलेली हवी, पण फरशीला टेकलेली नको. दुपारी चारला सगळा वॉर्ड गाढ झोपलेला असला तर शांत वातावरण म्हणून खूश होऊ नका, गोळ्या कुठल्या चालू आहेत ते विचारा. मनगटावर पट्टीचा वळ आहे का बघा. वासाचं म्हणाल तर थोडा लघवीचा वास माणसं राहतात तिथं येणारच. मला भीती वाटते ती नुसत्या फिनेलच्या भपक्याची.

आता हिशेब. दर दोन तासांनी कूस बदलायची, असं शिकवतात. रात्रपाळी बारा तासांची, म्हणजे सहा फेऱ्या. आमच्या मजल्यावर अठरा म्हातारी माणसं. अठरा सक एकशे आठ. एका माणसाला दोघींनी मिळून नीट वळवायचं, ओलं काढायचं, पुसायचं, तर पाच मिनिटं सहज जातात. पाचशे चाळीस मिनिटं, नऊ तास. आणि रात्री मजल्यावर बाई एकच. तिनं काय करायचं? ती रजिस्टरवर बरोबरच्या खुणा करते, पहाटे पाचला, एका बैठकीत, एकाच पेनानं. तिला निर्दयी म्हणू नका. नर्सिंग होम जोखायचं तर मालकाला सेवाभाव विचारू नका. रात्री दहानंतर मजल्यावर किती बायका, एवढं विचारा. आणि उत्तर मिळालं की रात्री जाऊन मोजा.

आयालाही विचारा, एकटीला गाठून. पगार कंत्राटदार देतो का, आजारपणाची रजा आहे का, कावीळ ब ची लस टोचली का. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमात ती लस आणि धनुर्वाताची लस देणं मालकावर बंधनकारक आहे. कामगार विम्याचं कार्ड आहे का विचारा. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४३ साली त्या विम्याचा आराखडा करायला प्रा. अडारकरांना नेमलं होतं, १९४८ साली कायदा झाला. आमच्यातल्या निम्म्या बायकांनी ते कार्ड डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

चारातल्या एका ठिकाणी मी सोबत गेले होते. काउंटरवरच्या बाईनं कौतुकानं सांगितलं, "स्वयंपाकाला ब्राह्मण बाई आहे हो, काळजीच नको." मग फॉर्मवर आत्याचं आडनाव लिहिलं. वाचून ती म्हणाली, "ताट-वाटी घरून आणलीत तर बरं." आत्यानं सगळं ऐकलं. जड जिभेनं म्हणाली, "चल गं. हितली खाट टोचती." खाटेवर तर ती बसलीही नव्हती.

मी जिथं राबते तिथं पुसणारी बाई वेगळी, भरवणारी वेगळी. मी ज्यांचं सगळं काढते त्यांच्या तोंडात मी घास घालायचा नाही. कारण स्वच्छतेचं देतात. साबणानं हात धुतल्यावर जंतू जातात, मग राहतं काय? नोकरीला लावताना शिक्षण कमी आणि आडनाव जास्त विचारतात. मजल्यावर बेडपॅन उचलणाऱ्या सात जणी, त्यातल्या सहा आपल्या. सातवी पारधी.

विनयपिटकातल्या महावग्गात गोष्ट आहे. हगवण लागलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडला होता, कुणी बघत नव्हतं. तथागतानं स्वतः पाणी ओतलं, आनंदानं धुतलं, दोघांनी डोक्याकडून-पायाकडून उचलून त्याला खाटेवर ठेवलं. मग आजाऱ्याची सेवा करायला लायक कोण, त्याचे पाच गुण सांगितले. औषध नीट देता येणं. काय मानवतं, काय नाही ते कळणं. लोभानं नव्हे तर मैत्रीनं सेवा करणं. मलमूत्र, थुंकी, ओकारी काढताना किळस न करणं. आणि वेळोवेळी धम्माच्या बोलण्यानं धीर देणं. सरकारी फॉर्मपेक्षा मला ही तपासणी पक्की वाटते. किळस न करणं हा तिथं सगळ्या भिक्खूंना सांगितलेला गुण आहे. इथं तो एका जातीच्या बायकांच्या गळ्यात बांधलेलं काम झालाय.

तिसरा गुण आमच्या मालकाला भारी आवडेल. पगारवाढ मागितली की तो सेवा हा शब्द काढतो. ३ जानेवारीला त्याच्या काउंटरवर सावित्रीमाईच्या फोटोला हारही असतो, आणि प्लेगचा रोगी स्वतः उचलून नेणारी ती माउली १८९७ साली त्याच प्लेगनं गेली हे तो भाषणात सांगतो. पण त्याच महावग्गात पुढं आहे : भिक्खू वारला तर त्याचं चीवर आणि पात्र त्याची सेवा करणाऱ्यांना द्यावं. सेवा करणाऱ्याला रित्या हातानं परत धाडलेलं नाही.

आत्याला शेवटी गावाबाहेरच्या ठिकाणी ठेवलंय. बाग नाही, लिफ्ट नाही, तळमजल्यावर बारा खाटा. रात्री दोन बायका, हे मी दोनदा जाऊन मोजलंय. सिस्टरबाई पॅनही उचलते आणि त्याच हातांनी, धुऊन, भरवते. पेला उजवीकडं आहे. एका म्हाताऱ्याच्या माकडहाडावर जुनी जखम आहे, ती त्यांनी न विचारता दाखवली. पेन्शनमध्ये भागत नाही. महिन्याला जे कमी पडतं ते मंडळानं वर्गणीतून द्यायचं ठरलंय, पण ठरलंय एवढंच.

ठिकाण आज बरं आहे. बाया बदलल्या, मालकानं खाटा वाढवल्या की बदलेल. म्हणून न सांगता, रात्री नऊनंतर, आठवड्यातून दोनदा कुणीतरी जायचं. मंगळवारी मी जाते. मुलींपैकी कुणीतरी सोबत असावी, चादर वर करून टाच बघायला पोरगा गेला तर आत्या शिव्या घालेल. शुक्रवार रिकामा आहे. नाव मंडळाच्या वहीत लिहा, आणि जाताना तपकीर न्या, तिला तीच लागते.