पिशवी पचते कुठे?

ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस करणाऱ्या प्रकल्पांचं जिवाणूशास्त्र हा माझा विषय. त्यामुळे सोसायट्यांच्या बैठकीत हमखास विचारणा होते, “मॅडम, कंपोस्टेबल पिशवीत भरून कचरा दिला तर चालेल ना? ती विरघळतेच की!” पिशवीवर हिरवं पान छापलेलं असतं, तिच्यामागे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र असतं, पैसेही जास्त मोजलेले असतात. अशा वेळी “नको” म्हणणं जिवावर येतं. पण म्हणावं लागतं.

प्रमाणपत्र खोटं नसतं. आपल्याकडे या पिशव्या आयएसओ १७०८८ या मानकानुसार तपासतात. चाचणीत सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानाच्या, हवा खेळत्या कंपोस्टमध्ये सहा महिन्यांच्या आत ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हावा लागतो. आमच्या टाकीत यातलं काहीच नसतं. हवा नाही, तापमान बहुतेक ठिकाणी ३५ ते ४० अंश आणि मुक्काम जेमतेम तीन-चार आठवडे. शिळा भात, भाजीची देठं, फळांच्या साली यांना तेवढा वेळ पुरतो.

टाकीतलं काम टप्प्याटप्प्यानं चालतं. आधी काही जिवाणू विकरं सोडून मोठे रेणू तोडतात. दुसरे त्या तुकड्यांची आम्लं करतात, तिसरे आम्लांपासून ॲसिटिक आम्ल आणि हायड्रोजन तयार करतात आणि शेवटी मिथेनजनक आर्किया त्यांचा गॅस करतात. कंपोस्टेबल पिशवी पहिल्याच पायरीवर अडते.

पॉलिलॅक्टिक ॲसिड, म्हणजे पीएलए, मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनतं. साधारण ५५ ते ६० अंशांच्या खाली त्याच्या साखळ्या ताठ, जखडलेल्या असतात आणि पाण्याला त्यांचे बंध तोडणं फार सावकाश जमतं. पाण्यानं त्या साखळ्या पुरेशा आखूड केल्याशिवाय जिवाणूंना काही खाता येत नाही. टाकी ५० ते ५५ अंशांवर चालवली तर वेग वाढतो, पण नेहमीच्या मुक्कामात काम पुरं होत नाही. हिशेबानं एक किलो पीएलए संपूर्ण पचलं, तर सुमारे ४६७ लिटर मिथेन मिळायला हवा. कोमट टाकीत त्यातला फारच थोडा हाती लागतो.

बाजारातल्या मऊ पिशव्यांमध्ये बहुधा पीबीएटी नावाचं पॉलिएस्टर असतं, त्यात पिष्ट किंवा पीएलए मिसळलेलं. कंपोस्टच्या ढिगात बुरश्या आणि इतर सूक्ष्मजीव त्याचे बंध तोडतात. पण या बुरश्यांना हवा लागते. टाकीतले जिवाणू मग लाडवातले बेदाणे वेचून खाणाऱ्या पोरासारखे वागतात : पिष्ट फस्त करतात, पॉलिएस्टर तसंच ठेवतात. वजन घटतं, पिशवीला भोकं पडतात, ती फाटते. बघणाऱ्याला वाटतं, पचली. प्रत्यक्षात तिच्या चिंध्या झालेल्या असतात.

खरा अपवाद पीएचबी. फ्रेंच संशोधक मोरिस लमॉन्य यांनी १९२६ साली हे पॉलिमर जिवाणूंच्या पेशीत ओळखलं. पडत्या काळासाठी जिवाणू स्वतःच ही बेगमी साठवतात, त्यामुळे ती मोडणारी विकरं निसर्गात मुबलक आहेत, हवेविना जगणाऱ्यांकडेसुद्धा. कोमट टाकीतही पीएचबी काही आठवड्यांत गॅस होऊन जातं. मात्र ते महाग आहे, त्यामुळे भाजीवाल्याच्या पिशवीपर्यंत क्वचितच पोचतं.

गॅस मिळाला नाही, एवढंच दुखणं असतं तर चाललं असतं. पिशव्या क्रशरच्या पात्यांना आणि ढवळणीला गुंडाळल्या जातात, पंप चोकअप होतो. गॅसच्या बुडबुड्यांबरोबर तुकडे वर येऊन तरंगत्या थरात अडकतात. शिवाय चालत्या पट्ट्याजवळ उभ्या कामगाराला कंपोस्टेबल पिशवी कोणती आणि साधी कोणती, हे कळायला मार्ग नसतो. तो दोन्ही उपसून बाहेर काढतो आणि पिशवीला चिकटलेला भात-आमटीही तिच्याबरोबर जाते. उरलेले बारीक तुकडे स्लरीतून शेतात पोचतात.

यावर तोडगे आहेत. चुन्याच्या गरम पाण्याचा पूर्वसंस्कार पीएलएचे बंध लवकर तोडतो. फक्त त्या उष्णतेचा आणि चुन्याचा खर्च प्रकल्पाला सोसावा लागतो. दुसरा तोडगा मला अधिक पटतो : टाकीतून निघालेला घन गाळ नीट कंपोस्ट करायचा. ढिगाचं तापमान चढतं, हवा मिळते, बुरश्या येतात आणि टाकीत राहिलेलं काम पुढे सरकतं. इटलीत २०११ पासून साध्या प्लास्टिकच्या पातळ पिशव्यांना बंदी आहे आणि मिलानमध्ये २०१२ पासून घरोघरचा ओला कचरा कंपोस्टेबल पिशव्यांतून गोळा होऊ लागला. तिथे बायोगॅसपाठोपाठ कंपोस्ट अशी जोडणी अनेक प्रकल्पांत आहे. आपल्याकडे बायोगॅस प्रकल्पांची चर्चा गॅस किती आणि वीज किती इथेच संपते. स्लरीचं पुढे काय, हे कुणी फारसं विचारत नाही.

म्हणून माझी मागणी दुहेरी आहे. नगरपालिकांनी बायोगॅसची निविदा काढताना गाळाच्या कंपोस्टिंगची जागा आणि खर्च त्यातच धरावा. ते होईपर्यंत सोसायट्यांनी पिशवीचे पैसे वाचवून झाकणाची बादली घ्यावी, कचरा थेट घंटागाडीत ओतावा आणि बादली विसळून ठेवावी. बादली पचवायची जबाबदारी निदान कुठल्या जिवाणूवर येत नाही.