ऑपरेशनआधीचं टाचण



आपण रोज पाठाचं टाचण काढतो. उद्दिष्ट, साहित्य, कृती, मूल्यमापन. मागच्या वर्षी मला एक टाचण स्वतःसाठी काढावं लागलं. माझ्या उजव्या स्तनाचं ऑपरेशन होतं. हे लिहावं की नाही, यावर बरेच दिवस विचार केला. शेवटी लिहायचं ठरवलं, कारण या आजारात मी सगळ्यात मोठी चूक केली ती गप्प राहण्याची.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आंघोळ करताना हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून मी निवांत. आधी घरी महालक्ष्म्या बसायच्या होत्या, मग सहामाही परीक्षा, मग दिवाळी. वर्गातल्या मुलींना मी नेहमी सांगते, "काही त्रास झाला तर लपवू नका गं." आणि स्वतः अडीच महिने लपवलं. यांनाही सांगितलं नाही. डॉक्टरांसमोर बसले तेव्हासुद्धा "छातीत गाठ आहे" एवढंच पुटपुटले. त्यांनी विचारलं, "छातीत की स्तनात?" तो शब्द परक्या माणसासमोर मोठ्यानं म्हणायला मला त्रेचाळीस वर्षं लागली.

कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, हे मला तिथं कळलं. सोनोग्राफी, मॅमोग्राफी, मग सुईची तपासणी झाली आणि रिपोर्ट आला. ऑपरेशन छत्रपती संभाजीनगरला ठरलं. हातात अकरा दिवस होते. दोन रात्री नुसती रडले. तिसऱ्या दिवशी वही घेतली.

पहिल्या पानावर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहिले. फक्त गाठ काढणार की पूर्ण स्तन? काखेतल्या गाठी काढणार का? नळी किती दिवस राहील? पुढं केमो, रेडिएशन लागेल का? त्यांच्यासमोर गेल्यावर निम्मं विसरायला होतं, म्हणून लिहून न्यायचं. प्रत्येकीची केस वेगळी असते. शेजारणीचं उत्तर आपल्याला लागू पडत नाही.

दुसऱ्या पानावर कागदपत्रं. आधार, रेशनकार्ड आणि सगळे रिपोर्ट एकाच फाइलमध्ये, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, आधी त्यांना भेटायचं. आपल्यासारख्या कर्मचाऱ्यांनी प्रतिपूर्तीसाठी मूळ बिलं जपून ठेवायची. परिवर्तित रजेचा अर्ज मी निघण्याआधीच दिला.

तिसऱ्या पानावर घर. ऑपरेशननंतर काही आठवडे हात वर जात नाही, वजन उचलायचं नसतं. म्हणून पिठाचे, तिखटाचे डबे खालच्या फळीवर आणले. पाणी कोण भरणार, धुणं कोण पिळणार, पोळ्या कोण लाटणार, नावं टाकून लिहिलं. पुढून बटणं असलेले सैल गाऊन घेतले. जाऊबाईंनी त्यांना आतून खिसे शिवले, नळीची बाटली ठेवायला. काखेत धरायला एक छोटी उशी केली. येताना गाडीच्या हादऱ्यांत तिनंच वाचवलं.

चौथं पान कोरं राहिलं होतं. ते माझ्या लेकीचं होतं. ती आठवीत आहे. तिला "मम्मीच्या पोटाचं छोटं ऑपरेशन आहे" असं सांगायचं घरात ठरलं होतं. निघायच्या आदल्या रात्री तिनंच विचारलं, "मम्मी, तू मरणार नाहीस ना?" मी खोटं बोलणार होते. पण म्हणाले, "मला स्तनाचा कॅन्सर आहे. डॉक्टर म्हणतात उपचार आहेत. पुढं जे कळंल ते सगळ्यात आधी तुला सांगीन." ती रडली, मी रडले. मग तिनं माझी वही घेतली आणि चौथ्या पानावर लिहिलं, "मम्मीची वेणी – मी."

पूर्ण स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. घरी आल्यावर नळीतून रोज किती पाणी आलं, ते लेकीनं मिलिलिटरमध्ये तक्ता करून लिहिलं. डॉक्टरांनी तो तक्ता बघूनच नळी काढली. आत्याबाईंना जखमेवर हळद लावायची होती. आपला हा हळदीचा मुलूख, त्यांचंही काय चुकलं? मी म्हणाले, "आत्याबाई, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय जखमेला काहीच लावायचं नाही. हळद दुधात टाकू." त्यांनी ऐकलं.

आरशात बघायला मला नऊ दिवस लागले. हे सोबत उभे होते. दोघंही काही बोललो नाही. त्यांनी गाऊनची बटणं लावून दिली.

डॉक्टरांनी सांगितलेला एक व्यायाम होता, भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढायचं. मी रोज जिथवर हात गेला तिथं खडूनं खूण करायची. वहीत उद्दिष्ट लिहिलं होतं, फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात दिनांक लिहिणे. काही दिवस खूण तसूभरही सरकायची नाही, तेव्हा रडू यायचं. काखेतल्या गाठी काढल्या की त्या हाताला सूज येऊ शकते. म्हणून भाजणं, कापणं अजून जपते, बांगड्या घट्ट घालत नाही.

केमो संपवून शाळेत गेले त्या दिवशी डोक्याला रुमाल होता. एका लेकरानं विचारलं, "मॅडम, तुमाला काय झालतं?" मी सांगितलं. मग फळ्यावर दिनांक लिहिला. थोडा वाकडा आला.

टाटा मेमोरियलनं मुंबईतल्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षं अभ्यास केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या गटातल्या बायकांची प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी हातानं तपासणी करत. त्या गटात पन्नाशीपुढच्या स्त्रियांचे स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्के कमी झाले. मशीन नव्हतं, शिकवलेला हात होता.

म्हणून एक विनंती. पुढच्या माता-पालक मेळाव्यात या विषयाला पंधरा मिनिटं द्या. गावच्या आशाताईंना, उपकेंद्राच्या सिस्टरना बोलवा. आमच्या शाळेत हा मेळावा घेतला तेव्हा सगळ्या खाली माना घालून बसल्या होत्या. संपल्यावर तिघी जणी चपला शोधायचं निमित्त करून थांबल्या. त्यातली एक हळूच म्हणाली, "मॅडम, माझी पण दुखत नाही." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मिळून दवाखान्यात गेलो.