कारळे निघाले परदेशी

कारळ्याची चटणी कुणाच्या घरी होत नाही? पण कारळ्याचं फूल आपल्यापैकी किती जणींनी पाहिलंय? गणपती आटोपले की त्र्यंबकहून जव्हार-मोखाड्याकडे एकदा जाच. डोंगरउतारांवर खुरासणीची शेतं पिवळीधमक फुललेली असतात. खुरासणी म्हणजेच आपले कारळे.

हेच फूल मला गेल्या ऑक्टोबरात इंग्लंडात भेटलं, तेही फुटपाथच्या फटीत! नणंदेकडे लेस्टरला गेले होते. तिच्या शेजारच्या आजीबाई बागेत पाखरांसाठी दाण्यांची नळी टांगतात. तीत कारळे, सूर्यफूल आणि राळ्यासारखं बारीक धान्य असतं. गोल्डफिंच नावाचं तांबड्या तोंडाचं पाखरू तर कारळ्यांवर अगदी तुटून पडतं. खाताना दाणे खाली सांडतात. वारा, झाडू आणि पावसाचं पाणी ते लांब नेतात. मग कुठे गटाराच्या कडेला सूर्यफूल डोकं वर काढतं, तर कुठे भिंतीलगत राळ्याची कणसं डुलतात! कारळे मात्र बिचारे दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. तिकडे तोवर थंडी येते आणि बी धरण्याआधीच झाड गारठून जातं.

पण सगळेच पाहुणे असे लवकर निघत नाहीत, बरं का! दाण्यात तणाचं बीही लपून येतं. बाहेरून येणाऱ्या कारळ्यात अमरवेलीसारख्या तणांचं बी सापडू लागलं, म्हणून अमेरिकेत ते कडक उष्णता दिल्याखेरीज आत घेत नाहीत. हा धडा आपल्याला फार महाग पडला आहे. पुण्यात १९५५ च्या सुमारास प्रथम नजरेस आलेलं गाजरगवत परदेशी धान्याबरोबर आलं, असं मानतात. आज ते कुठल्या गावात नाही, सांगा!

तेव्हा गॅलरीत चिमण्यांना बाजरी-राळे जरूर घाला. पण खाली ताट ठेवा आणि सांडलेलं रोज झाडून घ्या. कुंडीत आपोआप उगवलेलं रोप बाजरीचं असेल तर खुशाल वाढू द्या, मुलांना कणीस बघायला मिळेल. पानं गाजरासारखी दिसली, तर मात्र पांढरी फुलं येण्याआधीच मुळासकट उपटा. हाताला पिशवी गुंडाळायला विसरू नका, नाहीतर खाज सुटते.

आणि चार कच्चे कारळे एखाद्या कुंडीत पावसाळ्यात टाकून पाहा. चटणीइतकंच त्याचं फूलही देखणं आहे!