न उच्चारलेले अक्षर

या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी पाठविलेली मनोगते आमच्या तुकडीतील आम्ही काही जण वाचावयास बसलो, तेव्हा एक वाक्य वारंवार भेटले : ‘मी या शाळेतून पासआउट झालो.’ इंग्रजीत ‘पास आउट’ होणे म्हणजे एरवी शुद्ध हरपणे. लष्करी प्रशिक्षणाच्या समारोपालाच काय तो ‘पासिंग आउट’ शब्द शोभतो. आम्ही हसलो, लाल लेखणी उचलली आणि थांबलो.

इंग्रजीतील चुका खटकणे हे आमचे जुने व्यसन. ‘उत्तर कळवा’ या अर्थी कोणी ‘रिव्हर्ट’ लिहिले, की पूर्वस्थितीस जाणे असा त्याचा अर्थ आम्ही लगेच ऐकवितो. ‘डिस्कस’च्या मागे ‘अबाउट’ आणि ‘रिटर्न’च्या मागे ‘बॅक’ आले, की आमच्या कपाळावर आठी पडते. परंतु काही चुकांमागे आपलीच भाषा उभी असते. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक ती घेतात; इंग्रजीत शिक्षक देतात, विद्यार्थी घेतो. आपल्या मुलाने ‘आय गेव्ह द एक्झाम’ म्हटले, तर तो मराठीत बरोबरच बोललेला असतो. ‘प्रीपोन’ हा आपल्याकडचा शब्द तर ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही जाऊन बसला आहे.

लेखणी थांबली ती एका आठवणीने. आम्ही आठवीत होतो. ऊसतोडणीच्या फडावरून वसतिगृहात आलेला आमचा एक मित्र धडा वाचताना ‘डेट’ या शब्दाचा उच्चार ‘डेब्ट’ असा करून गेला. सारा वर्ग हसला, आम्हीही हसलो. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर तो शब्द लिहिला आणि ‘बी’ या अक्षराभोवती वर्तुळ काढले. हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात हे अक्षर नव्हते; पुढे विद्वानांनी लॅटिन ‘डेबिटम’ची आठवण ठेवून ते लेखनात घातले, जिभेने मात्र स्वीकारले नाही. ‘रिसीट’मधला ‘पी’ तसाच. ‘आयलंड’मधला ‘एस’ तर निव्वळ गैरसमजातून आलेला. “याने लिहिलेले प्रत्येक अक्षर प्रामाणिकपणे वाचले,” गुरुजी म्हणाले, “देवनागरीने आपल्याला तेच शिकविले आहे.”

खुलासा झाला; हसणे मात्र परत घेता आले नाही. त्या वर्षी तो मित्र पुन्हा मोठ्याने वाचावयास उभा राहिला नाही. त्या शब्दाचा अर्थ ऋण. ते आमच्याकडे अजून बाकी आहे.

पुढे शहरातील महाविद्यालयात आमच्या तोंडून ‘कालेज’ निघाले आणि मागच्या बाकांवरून तेच हसू आले. पुढचे कित्येक महिने प्रश्न माहीत असूनही आम्ही हात वर केला नाही. इंग्रजांनी खडकीचे ‘किर्की’ आणि शीवचे ‘सायन’ केले, तेव्हा त्यांना कोणी अडाणी म्हटले नाही. उलट ते उच्चार आपणच पाठ केले. चूक कोणाच्या तोंडी आहे, त्यावर हसू ठरते, हे आम्हांस तेव्हा उमगले.

म्हणून चुका तशाच राहू द्याव्यात, असे आमचे म्हणणे नाही. अर्जातील एका शब्दाने, मुलाखतीतील एका उच्चाराने संधी हुकते, हे आम्ही अनुभवले आहे. चूक सांगावी; पण वाक्य पुरे झाल्यावर, आणि चारचौघांत नव्हे. पालकांनाही हीच विनंती : लेकरू घरी मोठ्याने वाचत असेल, तर आधी त्याला शेवटच्या ओळीपर्यंत जाऊ द्यावे.

मनोगतांतील ‘पासआउट’ आम्ही तसेच ठेवले आहे. लिहिणाऱ्याला काय म्हणावयाचे आहे, ते येथे प्रत्येकास कळते.