राजगृहाची सहल आणि एक जुना माठ

बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. धाकट्या जावेचा फोन आला, "ब्लॉग बंद केलास की काय?" बंद नाही केला. एक गोष्ट लिहायची होती आणि धीर होत नव्हता. आज लिहून टाकते. सुरुवात सहलीपासून करते, कारण ती गोष्ट सहलीतूनच निघाली.

रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर मुलं वाचायला जमतात, हे इथल्या नेहमीच्या वाचकांना माहीत आहे. पाचवी ते सातवीची, शहापूरच्या आसपासच्या पाड्यांवरची. यंदा मनात आलं, दरवर्षी आपण चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या फोटोला हार घालतो, दोन मुलं पाठ केलेलं भाषण म्हणतात, खाऊ वाटतो आणि घरी जातो. त्यापेक्षा मुलांना त्यांचं घर दाखवलं तर? दादरचं राजगृह आसनगाव स्टेशनपासून लोकलने जेमतेम दीड-पावणेदोन तासांवर. मी शेवटी जिथे नोकरी केली त्या मुरबाड तालुक्यातल्या गावातलीही सहा मुलं घ्यायची ठरली. मुरबाडला अजून रेल्वे नाही. त्यातल्या चार जणांनी आगगाडी फक्त लांबून पाहिलेली.

पण नुसतं नेऊन आणलं तर मुलं काय पाहतात? रांग पाहतात, पुढच्याची पाठ पाहतात आणि डबा कधी उघडायचा ते विचारतात. छत्तीस वर्षांच्या नोकरीत इतक्या सहली काढल्या की हे पक्कं माहीत आहे. म्हणून आधी दोन रविवार तयारी केली.

पहिल्या रविवारी अंगणात खडूने एक खोली आखली. मुंबईच्या चाळीतली खोली साधारण दहा बाय दहा फुटांची धरली. बाबासाहेबांचे वडील, सुभेदार रामजी, मुलांना घेऊन साताऱ्याहून मुंबईला आले तेव्हा परळच्या चाळीत एका खोलीत राहिले. स्वयंपाक तिथेच, झोपणं तिथेच, अभ्यास तिथेच. चरित्रात वर्णन आहे, उशाशी जातं आणि पायाशी बकरी. रात्री दोन वाजेपर्यंत वडील जागे राहायचे, मग मुलाला अभ्यासाला उठवायचे आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवे व्हायचे. दोघांना एकदम झोपायला जागाच नव्हती. अशा खोलीतून भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले.

मुलांना म्हटलं, आता ही खोली भरा. कोणी पातेली आणली, कोणी गोधडी, आमचं जुनं जातं तिघांनी मिळून ढकलत आणलं. एका पठ्ठ्याने खरंच घरून बकरी आणली! मग वडील झोपले, भीमराव उठला, बकरीने वही खाल्ली, सगळा गोंधळ. मला वाटलं होतं, एवढ्याशा जागेत माणसं कशी राहिली म्हणून मुलं हळहळतील. तर वाडीवरचा एक मुलगा खडूच्या रेषेवर उभा राहून म्हणाला, "बाई, हे तं आमचंच घर!"

बाकीची हसली. मी मात्र गप्प झाले. मी त्यांना एका फार वेगळ्या, फार जुन्या दारिद्र्याची गोष्ट सांगायला निघाले होते. ते पोर रोज रात्री त्यात झोपत होतं.

दुसऱ्या रविवारी साताऱ्याच्या शाळेतले दिवस सांगितले. बाबासाहेबांनी ते स्वतःच लिहून ठेवलेत. वर्गात बसायला त्यांना वेगळं गोणपाट. ते रोज घरून आणायचं आणि रोज घरी न्यायचं, कारण शाळा झाडणारा गडीसुद्धा त्याला हात लावत नसे. तहान लागली की मास्तरांना विचारायचं, मग शिपाई येऊन नळ सोडणार. शिपाई नसला तर पाणी नाही. माझ्या वहीत पुढे लिहिलं होतं, "कृती : एका मुलाने माठाला हात लावायचा नाही. बाकीच्यांनी वरून पाणी ओतायचं. मग चर्चा." माठ भरून ठेवलेलाही होता. ऐन वेळी मी म्हटलं, "आज उशीर झाला, हे नंतर करू." उशीर झालेला नव्हता.

सहलीच्या आदल्या संध्याकाळी मुरबाडची मुलं सरळगाव-किन्हवलीवरून एस.टी.ने आमच्याकडे आली. भात, आमटी, पापड, रात्रभर खुसुरफुसुर. सकाळी लोकल पकडली. चौदा मुलं, दोन तरुण शिक्षक आणि मी.

प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला होता. त्यावर थोडीच कामं. घरातली एक वस्तू निवडायची आणि ती दिवसातून कोणत्या वेळी वापरली जात असेल ते लिहायचं. एक चित्र काढायचं. आपल्या घरात आहे आणि इथेही आहे अशी एक गोष्ट शोधायची. आणि या घरात राहिलेल्या, पण भाषणात आपण ज्यांचं नाव घेत नाही अशा एका माणसाबद्दल विचारून यायचं.

हिंदू कॉलनीतलं हे घर बाबासाहेबांनी १९३०च्या सुमाराला जागा घेऊन बांधायला काढलं आणि दोन-तीन वर्षांत ते उभं राहिलं. मगध देशाच्या जुन्या राजधानीचं नाव घराला दिलं. माणसांच्या सोयीइतकाच पुस्तकांचा विचार करून बांधलेलं घर. त्यांच्या संग्रहात पन्नास हजारांहून जास्त ग्रंथ होते. खालच्या मजल्यावर आता संग्रहालय आहे. फोटो, चष्मा, काठ्या, भांडी, पलंग, कायद्याची पुस्तकं, अस्थिकलश. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत ते गेले, तेव्हा त्यांचं पार्थिव याच घरी आणलं होतं. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर अंत्यविधी झाला. आजची चैत्यभूमी ती तीच.

मुलं आत शिरली आणि आपोआप हळू बोलायला लागली. कागदामुळे प्रत्येकाला काहीतरी शोधायचं होतं. बकरीवाला भांड्यांपुढे बराच वेळ उभा. त्याने लिहिलं, "आमच्या घरी आहे आणि इथे पण आहे : भांडी." एका मुलीने काठी निवडली. "दिवसातून केव्हा : पाय दुखतात तेव्हा." सातवीतल्या एकाने पुस्तकांचा हिशेब मांडला. रोज एक वाचलं तरी पन्नास हजारांना जवळजवळ १३७ वर्षं लागतील. "म्हणजे त्यांनी सगळी नाही वाचली," तो विजयी मुद्रेने म्हणाला. शेजारची मुलगी म्हणाली, "अरे, लागेल तेव्हा सापडावं म्हणून ठेवतात." मी नोकरीभर शाळेचं पुस्तकांचं कपाट कुलपात ठेवलं होतं. पुस्तकं हरवली तर पैसे पगारातून जातील म्हणून! असो.

नाव न घेतलेलं माणूस बहुतेकांनी एकच शोधून आणलं, रमाबाई. साहेब परदेशी शिकत होते तेव्हा परळच्या चाळीत त्यांनी किती ओढगस्तीत संसार केला, पाच मुलांपैकी चार कशी गेली आणि एकटे यशवंतराव कसे राहिले, ते मी आवारात बसून सांगितलं. हे मोठं घर झालं, पण रमाबाईंच्या वाट्याला ते फार थोडे दिवस आलं. २७ मे १९३५ ला त्या इथेच गेल्या. मुरबाडची एक मुलगी बोटांवर मोजत म्हणाली, "मग घर बांधून काय उपेग?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

बाहेर पडल्यावर मुलांनी नळावर बाटल्या भरल्या. मुरबाडच्या मुलाने विचारलं, "इथे उन्हाळ्यात पण पाणी येतं?" शहापूरचा लगेच म्हणाला, "येणारच. आमचंच हाय ते." खरं आहे. १८९२ पासून आमच्या तालुक्यातलं तानसा मुंबईला पाणी देतं, पुढे भातसाही आली. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका टँकरची वाट बघत हंडे घेऊन बसतात.

परतीच्या गाडीत कल्याणनंतर बसायला जागा मिळाली. काठीवाली मुलगी माझ्या शेजारी. म्हणाली, "बाई, ते पाण्याचं खेळायचं राहिलंच. माठ भरला होतात ना तुम्ही?"

मी म्हटलं, "हो, राहिलं."

"तुमच्या शाळेत होतं का असं?"

सहज विचारलं तिने. मी "छे गं, आमच्या वेळी नव्हतं" म्हणू शकले असते. आजवर जो कोणी विचारील त्याला तसंच सांगत आले होते. पण त्या घरातून नुकती बाहेर पडले होते. म्हटलं, "होतं."

१९७६ साल. माझं वय तेवीस, नोकरी नवी, गाव परकं. गावाचं नाव लिहीत नाही. शाळेच्या व्हरांड्यात माठ होता. तिसरीतला एक मुलगा माठाजवळ जायचा नाही. दुसरं कोणी पेल्याने वरून पाणी सोडायचं आणि तो ओंजळ धरायचा. मी पहिल्याच आठवड्यात पाहिलं. वरिष्ठांना विचारलं तर उत्तर आलं, "इथे असंच चालतं, तुम्ही नव्या आहात." घटना लागू होऊन तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती. तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता संपवली आहे, पंधराव्या कलमात तर विहिरी, तलाव, घाट यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. मी हे नागरिकशास्त्रात शिकवत होते. त्याच वर्गात.

"मग तुम्ही काय केलंत?" एव्हाना समोरच्या बाकावरची मुलंही ऐकत होती.

मी सांगितलं, "मी त्या मुलाला घरून पाण्याची बाटली आणायला सांगितली. तो दोरी बांधलेली काचेची बाटली आणायला लागला. कोणाशी भांडण नाही, त्याला ओंजळ धरायला नको. मला वाटलं, मी चांगलं केलं."

मुलगी थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे गोणपाटासारखंच झालं की बाई. घरून आणायचं, घरी न्यायचं."

आसनगाव येईपर्यंत मी काही बोलले नाही. पन्नास वर्षं ती बाटली मी माझ्या जमेच्या बाजूला मांडून ठेवली होती. अकरा वर्षांच्या पोरीने ती उचलून जिथली तिथे ठेवली.

त्या मुलाने चौथीनंतर शाळा सोडली. पुढे मुंबईला कामाला गेला एवढंच कानावर आलं. माठामुळे सोडली का, मला सांगता येणार नाही. त्याच्या घरी जाऊन विचारावं असं तेव्हा मला सुचलं नाही, हे मात्र सांगता येतं. आता त्या गावातल्या ओळखीच्या एकाला फोन केलाय, त्याचा पत्ता मिळतो का बघ म्हणून. भेटला तर काय बोलणार ते अजून ठरलेलं नाही.

माझ्या मुलांना, सुनांना, भाच्यांना हे ठाऊक नव्हतं. आता इथे वाचतील. वाचल्यावर फोन करून "तेव्हाचा काळच तसा होता" असं मला समजावू नका. त्याच काळात, त्याच व्हरांड्यात तो मुलगाही होता.

पुढच्या रविवारी राहिलेलं काम पुरं केलं. फक्त वहीतली कृती बदलली. कोणाला लांब उभं केलं नाही, वरून पाणी ओतलं नाही. सगळ्यांनी एकाच माठातून पाणी घेतलं आणि मी ती गोष्ट पहिल्यापासून पुन्हा सांगितली, शाळा साताऱ्याची आणि शाळा माझी. बकरीवाल्याने विचारलं, त्या मुलाचं नाव काय होतं. मी सांगितलं. हजेरीपटावर वर्षभर रोज पुकारलेलं नाव, विसरले नव्हते.